धोंड्याचा महिना कुणाचा?

बातमीदारीत जन्म गेला की छापलेल्या बातम्या विसरायला होतात आणि छापता न आलेल्याच तेवढ्या साठत जातात. माझ्याकडे त्यांचं गाठोडं आहे. दोस्तमंडळी जमली की एखादी निघते, तिच्या मागून दुसरी निघते आणि चहा गार होतो. त्यातल्या बऱ्याचशा सांगलीतल्या एका शुश्रूषागृहाच्या बाकावरच्या आहेत.

लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याच्या एका साप्ताहिकाचा सांगलीचा बातमीदार होतो. माझ्या वडिलांना या शुश्रूषागृहात ठेवलं होतं. ऑफिसबाहेर एक लांब बाक होता. आपापल्या म्हाताऱ्यांची फी भरायला आलेले लेक, सुना, पुतणे तिथं बसायचे. मॅनेजर जुन्या वळणाचा. आमच्यासारख्यांना रोजाप्रमाणे फी लावायचा. लांबच्या मुक्कामाला आलेल्यांना महिन्याची आणि तीही तिथीप्रमाणे! महिना लागायच्या आत पैसे आगाऊ, नाहीतर खाट रिकामी!

त्या बाकावर मी जेवढा संतापलो तेवढा कलेक्टर कचेरीतही कधी संतापलो नाही.

*

ऑफिसच्या भिंतीला लागूनच बायकांची खोली होती. तिथं तानूबाई नावाची म्हातारी होती. पाटणकडची. मांडीचं हाड मोडलेलं. पाय ताणून धरायला खाटेच्या पायथ्याशी कप्पी आणि तिच्यावरून सोडलेली वाळूची पिशवी. महिनोन्‌महिने तसंच पडून राहायचं.

तिला तीन मुलगे. बाप वारला तेव्हा पंचांसमक्ष जमिनीबरोबर आईचीही वाटणी झाली होती. चैत्र ते आषाढ थोरला, श्रावण ते कार्तिक मधला, मार्गशीर्ष ते फाल्गुन धाकटा. म्हातारी दवाखान्यात आली तशी ती वाटणीही तिच्या मागोमाग आली. ज्याची पाळी त्यानं फी भरायची.

थोरला पहिल्यांदा भेटायला आला. चांगला उसाचा बागायतदार, डोक्याला जरीचा फेटा. आईच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्यानं ती लोंबती पिशवी बघितली.

"ह्यात काय हाय?"

"वाळू," नर्स म्हणाली.

"वाळूचं बी पैसं लावता व्हय? आदी सांगायचं, गावाकडनं गाडीभर आणली असती!"

*

याच थोरल्यानं गावच्या देवळाला फरशी घातली होती. त्याचं कौतुक मला ऐकवायला तो बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. पेपरात चार ओळी याव्यात ही अपेक्षा.

"बापाच्या नावाचा दगड बशिवला, पेपरवाले. आन्‌ खाली आईचं बी नाव घातलं."

"काय लिहिलंय?"

"दोघांच्या स्मरणार्थ!"

मी म्हटलं, "अहो, तुमच्या आई आत पेज पीत आहेत."

"ते खरं हो," तो म्हणाला, "पर पाथरवट काय पुन्यांदा येतोय?"

*

मधला पलटणीत होता, ब्रह्मदेशच्या बाजूला. तिघांत सरळ तोच. म्हातारी पडली ती त्याच्या पाळीच्या शेवटी, कार्तिकात. त्यानं लगोलग मनीऑर्डर केली, पण केली थोरल्या भावाच्या नावानं. घरचा कर्ता म्हणून! पैसे गावात पोचले आणि दवाखान्यात काही आले नाहीत. अर्ध्या महिन्यात आलेली म्हणून मॅनेजरनं तेवढी सवलत दिली होती. तो म्हातारीला रोज विचारायचा, ती रोज म्हणायची, "माझा शिपाई बुडवायचा न्हाई."

शेवटी मी थोरल्याला बाकावर गाठलं. तर त्यानं त्या पैशांचा बैल घेतला होता!

"त्याच्याच नावानं घेतलाय की! कुठं पळून जातोय बैल?"

"नाव छापीन तुमचं पेपरात."

"छापा की! बैलासंगट फोटू बी छापा!"

मग मी म्हटलं, तुमच्या भावाच्या पलटणीतल्या साहेबाला इंग्रजीत पत्र टाकतो. तेव्हा कुठं फेटा जरा हलला. आठवड्यात पैसे आले. आमच्या संपादकांनी मात्र ती बातमी घेतली नाही. म्हणाले, "त्यांच्या गुऱ्हाळाची जाहिरात असते आपल्याकडे."

*

धाकटा साताऱ्याला कोर्टात कारकून. शिकलेला. तो आईशीसुद्धा अर्ज लिहिल्यासारखा बोलायचा. त्याच्या पाळीतला पौष सरता सरता त्यानं डॉक्टर नसताना नर्सला हुकूम सोडला, "वजन सोडा. संक्रांतीचं तिला घरी नेतो. पुढचं शेकण्यानं होईल."

मी आडवा गेलो. तर मलाच विचारतो, "आपला या प्रकरणाशी संबंध काय?"

म्हातारीला सर्व्हिस मोटारीच्या मागच्या बाकावर आडवी घालून नेली. पुढच्या आठवड्यात तशीच परत आणली. जुळत आलेलं हाड सरकलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून वजन बांधलं आणि सगळ्यांसमोर बजावलं, "आता उन्हाळ्याआधी हे कुणी सोडलं तर बाई या जन्मात उभ्या राहणार नाहीत."

धाकट्यानं क्षणभर विचार केला आणि मॅनेजरकडे वळला.

"मधल्या दिवसांची वजावट मिळेल ना?"

*

तानूबाईला एक मुलगीही होती, लोणंदला दिलेली. जावई बाजारात अडत्याकडे मापाडी. या जावयाच्या रुसव्याची गोष्ट म्हातारी हसत हसत सांगायची. मागचा धोंड्याचा महिना आला, म्हणजे अधिक मास. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, वाण द्यायचं. तिनं पितळेचं ताट दिलं. जावयानं ते पाटावरनं असं ढकललं की ठणकन भिंतीला लागलं!

"म्हनला, लग्नात चांदीचं कबूल केलं हुतं. उपाशी उठला बगा!"

"मग?"

"मग काय, हातातली पाटली मोडली आन्‌ चांदीचं केलं. लेक नांदायची हाय न्हवं?"

मी संतापलो. म्हटलं, असल्या माणसाला उंबऱ्यात उभं करू नये. म्हातारी म्हणाली, "रुसतो तर रुसू द्या. रुसायला तरी येतोय."

*

माझे वडील वाईला शाळामास्तर होते. जन्मभर खडूचा तुकडासुद्धा वाया घालवला नाही. मी गेलो की पहिला प्रश्न, "आजचे किती लावले?" दूध वेगळं लावतात हे कळल्यावर त्यांनी दूध सोडलं. नर्सला सांगितलं, पचत नाही. मला सांगितलं, आवडत नाही. गेले त्याच्या आदल्या दिवशी मी पेला तोंडाशी धरला तर म्हणाले, "तू पी. पैसे दिलेत ना?"

दुपारी गेले. मी हिशेब मिटवायला ऑफिसात गेलो. मॅनेजरनं घड्याळाकडे बघितलं. खरंच हळहळला तो.

"सव्वाबारा झाले हो! बाराच्या आत असतं तर आजचा दिवस लावला नसता."

*

वडील गेल्यावरही मी तिथं जात राहिलो. तानूबाईची लोणंदला जाणारी पत्रं लिहायला दुसरं कुणी नव्हतं; फीची ओढाताणही लेकीला त्यांतूनच कळायची.

फाल्गुन संपत आला. मॅनेजरनं पुढच्या महिन्याची फी मागितली आणि घोटाळा उघड झाला. त्या वर्षी चैत्र अधिक होता! धाकट्याचा फाल्गुन संपणार, थोरल्याचा चैत्र महिन्यानं लागणार आणि मधे हा एक महिना उपरा. वाटणी करताना पंचांना त्याची आठवणच झाली नव्हती.

दोघे भाऊ पंचांग घेऊन बाकावर बसले.

"माझा चैत्र निज. अधिक न्हवं," थोरला म्हणाला.

"माझी जबाबदारी फाल्गुन वद्य अमावास्येपर्यंत," धाकटा म्हणाला.

"पलटणीतल्याला कळवा."

"त्याचं पत्र दोन महिन्यांत नाही."

मी ओरडलो, "अरे, तुमची आई आहे ती! उद्या वजन सोडतील!"

मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. "उद्या नाही. आज संध्याकाळी. अमावास्या आजच आहे." आणि त्यानं नर्सला हाक मारली.

तेवढ्यात फाटकातून लोणंदचा जावई आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. काटकुळा माणूस, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. थोरल्याला त्याही वेळी चेष्टा सुचली.

"आलं का जावईबापू! उद्या धोंड्याचा महिना लागतोय न्हवं! पर यंदा वाण न्हाई बरं का. सासू खाटंवर हाय."

जावयानं बाकाकडे बघितलं, पंचांगाकडे बघितलं. मला विचारलं, "काय झालंय?" मी दोन वाक्यांत सांगितलं. तो पुन्हा भावांकडे वळला.

"म्हंजी ह्यो महिना कुणाचाच न्हाई?"

"न्हाईच!" दोघं एका सुरात म्हणाले. तेवढ्यापुरतं भावाभावांचं जमलं!

"आसं कसं? धोंड्याचा महिना जावयाचा असतोय!"

तो ऑफिसात गेला, फडकं सोडलं आणि चांदीचं ताट मॅनेजरच्या टेबलावर असं आपटलं की ठणकन आवाज सगळ्या खोल्यांतून गेला.

मी धावत आत तानूबाईकडे गेलो. नर्स वजनाला हात घालून तशीच थांबली होती. म्हातारीनं मान वळवून भिंतीकडे कान लावला होता.

"पेपरवाले," तिनं हळूच विचारलं, "जावईबापू रुसलं का पुन्यांदा? त्यास्नी म्हनावं, उपाशी जाऊ नगा. पायावर हुबी ऱ्हायले की धोंडं करून घालते."