मागणारी म्हैस

माझी नणंद चरबीवर पीएचडी करणार, असं मी माहेरी सांगितलं तेव्हा माझी आई तोंडाला पदर लावून हसली. हसण्यासारखंच होतं. फुंकर मारली तर उडून जाईल अशी ती पोरगी, आणि शिकणार काय, तर माणसं लठ्ठ कशानं होतात! लठ्ठपणा रक्तातून किती येतो अन् ताटातून किती, अंगातली चरबी नुसती पडून असते की तिलाही काही काम असतं, असले तिचे प्रश्न. मी तिला पुष्कळ चिडवलं आहे. पण सासरच्या घरात मला मनापासून कुणाचं कौतुक वाटत असेल तर ते तिचंच.

तसा फॅट हा शब्द आमच्या घरात तिच्या जन्माआधीपासून नांदत होता. सासरे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. दिवाळी आली की निम्मी घरं ऊसतोडीला निघून जातात, मागे म्हातारी माणसं, जनावरं आणि दूध संस्था उरते. सकाळी गाठ पडली की लोक तब्येत विचारत नाहीत, 'आज दुधाला फॅट किती लागली?' असं विचारतात. एकाच गोठ्यातल्या दोन म्हशींची फॅट वेगळी का, हे पोरीने लहानपणी बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला, देवाची करणी. अंबाजोगाईला शिकली, पुढे एमएस्सी केली, तरी ते उत्तर काही तिला पटलं नाही.

मग तो दुष्काळ आला. संस्थेने माळावर जनावरांची छावणी उघडली आणि आम्ही तीन म्हशी आणि एकीची रेडी घेऊन तिथेच झोपडी टाकली. परीक्षा देऊन नणंदही येऊन राहिली. माळावरच्या एकाच बाभळीखाली मोबाइलला रेंज यायची. तिथे बसून तिने पुण्याच्या एका प्रयोगशाळेची जाहिरात पाहिली. लठ्ठपणा आणि शरीरातली चरबी यांच्या आनुवंशिकतेवर संशोधन, पीएचडीच्या जागा, वर विद्यावेतन. तिने अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणंही आलं. घरात फक्त मला सांगितलं. कारण सासऱ्यांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि पाऊस पडला की बार उडवून द्यायचा त्यांचा विचार होता.

"अगं, आबांना सांग की," मी मागे लागायची.

"बघू, वहिनी."

झालं, एवढंच. या पोरीने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कालवण संपलं तर कोरडी भाकरी खाऊन उठायची. मला अस्सा राग यायचा तिचा!

मुलाखतीत सांगायला मात्र तिच्याकडे एक म्हैस होती. तिन्ही म्हशींना ती स्वतःच्या हाताने सारखा चारा घालायची. दोघींच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, पण कपाळावर पांढरी टिकली असलेली तिसरी गुटगुटीतच राहिली. सुतळीने ती तिघींचा घेर मापायची आणि खुश व्हायची. "वहिनी, हिच्या रक्तातच हाय. तितं जाऊन मी हेच सांगनार."

एके दुपारी टँकरवरून पाणी घेऊन आम्ही दोघी लवकर परतलो. सासूबाई जेवायला बसल्या होत्या. आमच्याकडे पहिला घास जनावराचा, ही रीत. घरी तो गाईला जातो, छावणीत जे जनावर ताटाजवळ ते हक्कदार. टिकलीवाली म्हैस दाव्याला ताण देऊन मान लांबवत होती आणि सासूबाई तिला घास कसला, अख्खी भाकरी चारत होत्या. तेवढ्यात शेजारच्या झोपडीतले म्हातारबाबाही आपला घास घेऊन आले. चौकशी केली तर काय, ओळीतली सगळीच घरं तिला खाऊ घालत होती. पुण्य आपण एकटेच जोडतोय, असं प्रत्येकाला वाटत होतं.

"माय, समदं इस्कटलंस माझं!" नणंदेने सुतळी फेकून दिली.

"काय इस्कटलं गं? भाकरीच दिली की."

"आता पुण्याला जाऊन काय सांगू? आमची माय भाकरी चारती म्हनून? मला न्हाई जायाचं!"

पुण्याचं काही आहे हे सासूबाईंना तेव्हा कळलं. मी सगळं सांगून टाकलं. त्या हात धुऊन लेकीजवळ बसल्या. ती रडतच म्हणाली, "हिलाच का चारतीस? त्या दोगींना का न्हाई?"

"ही मागती. हात चाटती, वरडती. त्या खाली मान घालून हुब्या ऱ्हात्यात, तुज्यावानी. न मागनाऱ्याच्या ताटात कोन वाढतंय, बाई?"

नणंदेने डोळे पुसले. "माय, हिची आई?"

"ती बी अशीच खादाड हुती. अन् हिची रेडी बघ की, आतापास्नंच."

तेव्हा त्या पोरीचं तोंड बघायला हवं होतं! प्रयोग फसला होता, पण फसण्यातूनच तिला खरा प्रश्न सापडला होता. चारा सारखा, माणसं तीच, मग मागायची भूक हिलाच का, आणि आईकडून लेकीकडे ती कशी आली? ती ताडकन उठली. सासरे छावणीच्या मांडवात चार माणसांत बसले होते. मी धावत मागे गेले.

"आबा, मला पुण्याला शिकाया जायाचंय. ते स्थळ थांबवा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पैल्यांदाच काय तरी मागितलंस पोरी," ते म्हणाले, "न्हाई कसं म्हनू?"

मुलाखतीत तिने आधी फसलेलं सांगितलं आणि मग मागणारी म्हैस सांगितली. समोरच्या बाई खुर्ची पुढे ओढून ऐकू लागल्या. लठ्ठपणाची पुष्कळशी जनुकं भुकेवरच काम करतात, त्या म्हणाल्या. 'आता पुरे' असा निरोप चरबीच मेंदूला धाडते, आणि काहींच्या मेंदूला तो नीट पोचत नाही. जागा तिला मिळाली.

आता सुट्टीला येते तेव्हाही ती तशीच काटकुळी असते. पण जेवताना स्वतःहून ताट पुढे करते. "माय, अजून एक." सासूबाईंचे डोळे दर वेळी भरून येतात, आणि त्या दोन वाढतात.