आखाजीच्या काठावर घेतलेलं नाव

आमच्या साक्रीच्या पश्चिमेला, जिथे डोंगर सुरू होतो, तिथे एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, त्या नदीत पाणी नसतं. पांढरे गोटे असतात आणि मधे एक डबकं. गौराई बोळवायला दोन्ही गावांच्या बाया आपापल्या काठावर येतात, आणि गौराई बोळवून झाली की समोरच्या काठाला शिव्या देतात. रीतच आहे ती. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. काठावर बोललेलं घरी न्यायचं नाही. ज्या काठाचा आवाज आधी बसेल, तो हरला.

आणखी एक नियम होता, तो कोणी कधी बोलून दाखवला नव्हता. शिव्या खोट्या असाव्यात.

"तुमना गावना पानीमा डाळ शिजस नही."

"तुमना गडी पाहुना दिसना की चुलीमांगे लपतस."

अशा. त्यांनी कोणाचं काही जात नसे. माझी आई सुनंदाबाई आमच्या काठाची पुढारी होती. पलीकडे शेवंताबाई. दोघींचे गळे सारखेच खणखणीत. मी सांगतो ते आईनं पाहिलेलं आहे.

भिकुबाई आमच्या काठाची. तोतारामची लेक. तिच्या आधीची दोन मुलं गेली, म्हणून तिचं नाव भिकू ठेवलं. एकोणीसशे शहाऐंशी साली ती तेवीस वर्षांची होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. माघात ती माहेरी आली होती. एका बाजाराच्या दिवशी, गाव पिंपळनेरला गेलेलं असताना, ती नाल्यावर धुणं धुवायला गेली. तिथे पलीकडच्या गावच्या रुपचंदने तिच्यावर जबरदस्ती केली.

ती ओल्या लुगड्यानं घरी आली आणि बापाला त्याचं नाव सांगितलं. तोताराम उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "त्यानं नाव लेवू नको. तू नाव लिधं तर नाव तुनंच व्हई."

नाव न घेताही ते तिचंच झालं. दोन्ही गावचे चार-चार जण बसले आणि पोलिसांत जायचं नाही असं ठरवून उठले. रुपचंदला कोणी बोलावलंही नाही. पाणवठ्यावर मात्र चौकशी चालली. "भर दुपारले एकटी कसाले गई व्हती?" "धुणं काय दुसऱ्या दिन वाट पाहत नव्हतं?" "तिले पहिल्यापासून हासाले भलतं येस." आठवड्याने सासरहून निरोप आला, लेक तिकडेच ठेवा. आणि त्या गोष्टीला नाव पडलं, भिकूचं प्रकरण. भिकूचं झालं त्या दिवशी. भिकूचं झालं त्याच्या आदल्या बाजारी. लोक त्यावरून दिवस मोजत, पावसापाण्याचं बोलावं तसं.

भिकुबाई एकदाच आईपाशी बोलली. "सुनंदाकाकू, सासरी नांदाले नही मिळनं तरी चाली. पन त्या प्रकरनले त्याना नावनं म्हना. मी काय वाईट करं?" आईनं तिला नुसता चहा दिला. आई हे स्वतःच सांगायची.

त्या वर्षी आखाजीला पलीकडच्या बाया हरत आल्या होत्या. त्यांचे गळे बसले होते. तेव्हा शेवंताबाई दोन पावलं गोट्यांत उतरली आणि म्हणाली, "आम्हले शिकाडू नका. तुमनी भिकूनी नालावर काय दिवा लावात, ते सांगा पहिले."

आमचा काठ गप्प झाला. कितीतरी वर्षांत आम्ही पहिल्यांदा हरलो. परतताना आई भिकुबाईला म्हणाली, "पुढली आखाजीले तू येऊ नको माय. तू दिसनी की आम्हनं तोंड बंद व्हस."

पुढल्या आखाजीला ती घरी राहिली. तिच्या माघारीही शेवंताबाईनं तेच म्हटलं आणि आम्ही पुन्हा हरलो.

तिसऱ्या आखाजीला ती आली. कोणाला न विचारता रांगेच्या टोकाला उभी राहिली. शिव्या सुरू झाल्या, वाढल्या, आणि शेवंताबाईनं ठरलेलं वाक्य टाकलं. तेव्हा भिकुबाई गोट्यांत उतरली, डबक्यापर्यंत गेली. तिनं आवाज चढवला नाही. पलीकडच्यांना ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"शेवंताकाकू, खरं बोलानं तुम्ही सुरू करं. आते मनं बी खरं ऐका. माघना महिना, बाजारना दिन. मी धुणं धवी ऱ्हायनी व्हती. रुपचंद नालावर उना. तुना पुतण्या रुपचंद. मी आरोळ्या मार्‍यात. तू बांधवर उभी व्हती काकू, डोकावर गवतना भारा व्हता. तो पळना तवय तू बाजूले सरकीसन त्याले वाट दिधी."

कोणाच्या तरी कडेवरचं पोर रडलं, त्याला थोपटलं गेलं. पलीकडची एक नवी सून हळूच म्हणाली, "काकू, खरं शे का?"

शेवंताबाई तिच्याकडे वळली नाही. "मना डोकावर भारा व्हता," ती म्हणाली. मग पाठ फिरवत, "जड व्हता." आणि पदर सावरून चढण चढून गेली. तिच्यामागे एकेक करत सगळा काठ रिकामा झाला. आमच्या बाया जिंकल्या होत्या, पण ओरडलं कोणी नाही.

काठावर बोललेलं घरी नेऊ नये. पण खोटं तेवढंच मागे ठेवायची सवय होती. खऱ्याचं काय करायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. ते घरी आलं.

रुपचंदला कोणी शिक्षा केली नाही. तो दिवाळीआधी सुरतेला गेला आणि तिकडेच राहिला. सासरच्यांनी भिकुबाईला नेलं नाही. ती बापाच्या वावरात राबली. आखाजीला मात्र ती दरवर्षी रांगेत असे. शेवंताबाई पुन्हा काठावर आली नाही.

सहा-सात वर्षांनी आई आणि भिकुबाई पिंपळनेरच्या बाजारात लसूण घ्यायला उभ्या होत्या. शेजारी पलीकडच्या गावच्या दोन म्हाताऱ्या म्हशीवरून वाद घालत होत्या, ती कोणत्या साली घेतली म्हणून.

"अशी कशी ध्यानात नही तुले," एक म्हणाली. "रुपचंदनं प्रकरन व्हयनं, त्याना पुढला साल."

आईनं भिकुबाईकडे पाहिलं. ती खाली वाकून लसणाचा एकेक गड्डा दाबून बघत होती. एक पोकळ निघाला, तो तिनं परत ठेवला.

"हाऊ नको," ती लसूणवालीला म्हणाली. "भरेल दे."