आबा फलाटावर, अक्का खिडकीत

आमच्या घराण्यात प्रवास भरपूर झाले, सहल मात्र कधीच झाली नाही. आजोबा कामासाठी धरणगावला आले, माझे वडील, आबा, लग्नासाठी पारोळ्याला गेले आणि मी शिकायला धुळ्याला गेलो. नुसतं काहीतरी बघायला म्हणून घराला कुलूप लावायचं, हे आमच्याकडे कोणाला सुचलंच नव्हतं.

आबांनी जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढल्या, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि धुळ्यात शिक्षक म्हणून लागलो. धरणगावच्या घरी पुढच्या खोलीत सांचीच्या स्तूपाचं चित्र आहे. आबा रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "एक डाव हाई देखनं शे." यंदा त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला, तसं मी मनाशी ठरवलं, की आता नाही तर कधीच नाही!

मग मी आखणीला बसलो. आबा, आई, माझी बायको सुजाता आणि मी, अशी चौघं. जळगावहून भोपाळपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. सांची, मग भीमबेटका, मग भोपाळचा तलाव. चहा कुठे, जेवण कुठे, गुडघ्याला विश्रांती कुठे, सगळं ठरलेलं. शाळेत सहकाऱ्यांना दाखवलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, "सर, शाळेची सहलसुद्धा इतकी नीट नसते." (त्या वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होतो.)

एकच गोष्ट माझ्या आखणीत नव्हती. निरोप!

आमच्या गल्लीत कोणी लांब निघालं की गल्ली त्याला पोचवायला जाते. शेजारच्या नानांनी त्यासाठी जीप ठरवली, हार आणला आणि आबांची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, भरीत-भाकरीचं गाठोडं घेऊन पुढच्या सीटवर बसली. जळगावला पोचलो, तर गाडीला उशीर. रिकामा वेळ आणि समोर माणसं, एवढं मिळालं की नाना सभा सुरू करतात. त्यांनी फलाटावरच प्रास्ताविक केलं, आबांना हार घातला आणि म्हणाले, "आते सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतीन."

आबा बोलायला उभे राहिले आणि गाडी आली!

धावपळ झाली. मी दारात उभा राहून सेनापतीसारखा ओरडत होतो, "ही पिशवी आत! ती बॅग बाकाखाली!" अक्का गाठोडं ठेवायला आत चढली. गाडी हलली. मी सामान मोजलं. सगळं बरोबर. समाधानानं आत आलो, तर आबांच्या जागेवर, खिडकीशी, अक्का!

"अक्का! तू इथे कशी? आबा कुठायत?"

"तो खाले शे," अक्का शांतपणे म्हणाली. "त्याना आभार बाकी व्हतात."

मी खिडकीतून डोकावलो. फलाटावर आबा गाडीकडे पाठ करून, हार घालून, गल्लीचे आभार मानत होते, आणि गल्ली टाळ्या वाजवत होती!

सामान मोजलं होतं. बाप मोजायचा राहिला होता.

"अहो, साखळी ओढा!" सुजाता किंचाळली.

मी साखळीपाशी गेलो. शिकलेला माणूस! आधी खालची सूचना वाचली. "योग्य कारणाशिवाय ओढणं गुन्हा आहे, असं लिहिलंय."

"सासरे मागे राहिलेत! आणखी योग्य कारण काय असतं?"

हे पटेपर्यंत स्टेशन मागे गेलं होतं. मी आबांना फोन लावला. तो आईच्या पिशवीत वाजला.

"मना हातमा दिन्हा व्हता त्यानी," आई म्हणाली. "भाषणमा वाजाले नको म्हनीसन."

तेवढ्यात तिकीट तपासनीस आले. "यांचं तिकीट?"

"मी पोचाडाले येल शे," अक्का म्हणाली.

"मावशी, पोचवायला म्हणजे कुठपर्यंत?"

मी घामाघूम. ज्या माणसासाठी सगळा खटाटोप, तोच मागे! त्यात नानांचा फोन आला. "चिंता करू नको. आम्ही बठ्ठा जीपमा शेतस. भुसावळले गाठतस!"

"सगळे कशाला, नाना?"

"मंग! त्यानं भाषन कोन ऐकी?"

थोड्या वेळानं पुन्हा फोन. नशिराबाद आलं होतं. पण पुढे ट्रक, त्यापुढे केळीचा ट्रॅक्टर! इकडे आमची गाडी सुसाट. मी इंजिनाच्या दिशेनं हात जोडले आणि भुसावळच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. सगळा डबा रेल्वेला शिव्या देऊ लागला. मी एकटा म्हणत होतो, "थांबू द्या हो, थांबू द्या!"

भुसावळला गाडी शिरली, तर फलाटावर आबा! गळ्यात हार, भोवती गल्ली. नानांनी तोंड उघडलं, तोच मी आबांना काखेत हात घालून आत ओढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्का मात्र खिडकीतून हलेना.

"ऱ्हाऊ दे तिले," आबा म्हणाले. "तिनी बी कोठे काय देखेल शे?"

तपासनीसांनी कपाळाला हात लावला, पण पावती फाडली. भरीत त्यांनीही खाल्लं.

भोपाळला भाड्याची गाडी वेळेवर हजर होती. पण मी ती चौघांसाठी सांगितली होती आणि आता आम्ही पाच होतो. ड्रायव्हर म्हणाला, "चार से एक भी ज्यादा नहीं." आबांनी सगळ्यांकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यापाशी थांबली.

"तू शिकेल शे. तू येशी मांगून, दुसरी गाडीमा."

मी पॅसेंजरमध्ये उभ्यानं सांचीला गेलो. घामेजून टेकडी चढलो, तर समोर स्तूप आणि त्याला फेरी घालणारे आबा. गुडघ्याचं नाव नाही! एक हात अक्काच्या खांद्यावर, डोळे भरलेले, चेहऱ्यावर मी कधीही न पाहिलेलं हसू. तेव्हा मला वाटलं, जिंकलो!

आबांनी शेजारच्या एका अनोळखी गृहस्थांना थांबवलं आणि छाती फुगवून माझ्याकडे बोट दाखवलं. "हाऊ मना पोऱ्या! बठ्ठी सहल यानीच आखेल शे!"

गृहस्थांनी माझ्या एकट्या, धुळीनं भरलेल्या अवताराकडे बघून विचारलं, "अच्छा! तो आप भी घूमने आए हैं?"

"जी नहीं," मी म्हणालो. "मैं सिर्फ इंतजाम देखता हूँ."