राबाचं शेण आणि माझी निळी ज्योत

गोबरगॅसचं नाव निघालं की अजून माझं डोकं तापतं. राग गॅसवर नाही; गॅस बिचारा चांगला होता. राग आहे तो जीपमधून आलेल्या साहेबांवर, आणि त्याहून जास्त त्यांच्यापुढे नंदीबैलासारखी मान हलवणाऱ्या माझ्यावर.

तेव्हा मी मोहोपाड्याकडच्या एका कारखान्यात वेल्डिंगखात्यात मदतनीस होतो. खालापूरच्या बाजूच्या आमच्या गावातून सायकलनं जायचो. दादा शेती बघायचा, वहिनी घर आणि चार गुरं बघायची, आणि मी अकरावीपर्यंत शिकल्यामुळे दोघांना अक्कल शिकवायचो. सरकारी योजनेतून मी परसात गोबरगॅसची विहीर बांधून घेतली, वर लोखंडी घुमट बसवला. ज्योत मात्र इतकी मरतुकडी की वहिनी म्हणायची, "भावोजी, चाचं आधन ठेवते. तुमी कामावरनं येईस्तवर उकळंल."

वेल्डिंगखात्यात कार्बाइडवर पाणी सोडून गॅस काढत. मागे उरायचा तो पांढरा, लसणासारखा वास मारणारा चुन्याचा गाळ. रोज तो मागच्या ओढ्यात ढकलून द्यायचे. कारखान्यातल्या केमिस्टनं एकदा सहज सांगितलं की शेणाच्या गॅसमध्ये न जळणारा कार्बनचा वायू मिसळलेला असतो, ज्योत तोच मारतो, आणि हा चुना नेमका तोच वायू पिऊन टाकतो. मग काय! मी सायकलला डबे लावून तो गाळ घरी आणायला लागलो. एका पिंपात चुन्याचं दाट पाणी केलं, गॅसची नळी त्यात चार बोटं बुडवली, झाकणातून दुसरी नळी शेगडीला नेली. गॅसला एवढं पाणी ढकलायचं बळ यावं म्हणून घुमटावर जात्याचे दोन फुटके दगड ठेवले.

ज्योत निळीशार झाली. वहिनी पहिल्यांदा घाबरून मागे सरली, मग पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्यानं मला चढली.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायचं त्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा पसरतात, वर माती टाकून भाजतात. तो राब. राब चांगला भाजला तर तण मरतं आणि रोप जोमानं उठतं. पण चार गुरांचं शेण किती? राबाला घालायचं की विहिरीत?

"राब म्हणजे शेणाचा धूर करून आभाळाला खायला घालणं," मी दादाला म्हणालो. "तोच धूर मी टाकीत धरलाय."

"आरं पन वाफ्याला राख कुठनं आननार?"

"राखेऐवजी हा पिंपातला चुना घालू. गॅस पिऊन त्याचा खडू झालाय. जमिनीला चांगलाच."

दादानं पिंपात बघितलं. वर खरोखरच खडूसारखी साय आली होती. "तू शिकलेला हायेस, रं," तो म्हणाला आणि त्या वर्षी त्यानं राब भाजला नाही.

आता माझी अक्कल बघा. खडू झाली होती ती फक्त साय. खाली चुना जिवंत होता. तो ढवळून माझ्याच बोटांना भेगा पडल्या होत्या, रात्री मी त्यांना खोबरेल लावायचो. जे माझ्या कातडीला सोसलं नाही, ते मी भाताच्या कोवळ्या मुळाला जाड थरानं घातलं.

मृगात बी पेरलं. रोप बोटभर आलं आणि पिवळं पडलं, शेंडे करपले. तण तेवढं राबाविना मोकाट माजलं. दादा वाफ्यात उकिडवा बसून म्हणाला, "बी हाय अजून थोडं. परसाच्या कोपऱ्यात आजच टाकू, जमंल."

मी म्हणालो, "थांब. उठेल."

उठणार नाही, हे मला दिसत होतं. पण सोमवारी साहेब यायचे होते. 'टाकाऊ चुन्यातून इंधन आणि खत' असं मीच तालुक्याच्या कचेरीत जाऊन सांगून आलो होतो. घाईनं दुसरं बी टाकलेलं त्यांना दिसलं असतं, तर माझं खत खोटं पडलं असतं. दादा थांबला. आठ दिवस थांबला. भातशेतीत मृगाचे आठ दिवस म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नाही. मी शेतकऱ्याच्याच पोटचा.

साहेब आले. निळी ज्योत बघितली, वहिनीच्या हातचा चहा प्यायले, घुमटाजवळ उभं करून माझा फोटो काढला. मग विचारलं, "आणि खत घातलेलं रोप?"

मी हात लांब केला आणि शेजाऱ्याचा वाफा दाखवला. राब भाजून उठलेला, हिरवागार.

"वा!" साहेब म्हणाले. एकालाही बांध ओलांडून जावंसं वाटलं नाही. बुटांना चिखल लागला असता ना! मात्र शेजारी वाफ्यातच तण उपटत होता. त्यानं मान वर केली. दादा माझ्यामागे उभा होता. दोघांनी ऐकलं.

जीप गेल्यावर दादा एवढंच म्हणाला, "आता बी टाकून उपेग नाय."

रोप मागायचं तर शेजाऱ्याकडेच. गावात बाकी कुणाकडे उरणार नव्हतं. जायला मी हवा होतो. मी तापाचं सोंग घेऊन पडलो. दादा टोपी काढून त्याच्या दारात गेला, आणि शेजाऱ्याचं बोलणं मला खाटेवर ऐकू आलं.

"मागतोस कशाला, रं? साहेबाला सांगितलं ना, रोप तुमचंच हाय म्हनून! घेऊन जा की आपलं!"

मग शेजाऱ्याचा आवाज खाली आला. "आमची लावनी आटपू दे. उरंल ते ने."

उरलं ते जून झालेलं. उपटताना मुळं तुटायची. दोन खाचरं कशीबशी लागली, तीन पडीक राहिली. साहेबांवरचा राग सोपा आहे. ते कुठे आता भेटणार आहेत? दादा रोपाच्या शेवटच्या मुठी डोक्यावर घेऊन आला, तेव्हा मी ओटीवर बसलो होतो. त्याच्या कानामागून चिखलाचं पाणी वाहत होतं.

"ताप उतरला का रं?" त्यानं विचारलं.

"उतरला," मी म्हणालो.

"मग ये लावायला."