बार्शीचा सरळ रस्ता आणि ज्वारीचं एक पोतं

“दाभण हाय का कुणाकडं?” असं शैलानं विचारलं, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. तोवर मला वाटत होतं, मी शर्यतीसाठी बार्शीला आलोय.

सोलापुरातलं कॉलेज मी अर्ध्यात सोडलं होतं. शैला माझ्याच वर्गात. गेल्या सालच्या दुष्काळात तिच्या वडिलांनी तिला बार्शीला परत नेलं, मग त्या वर्गात बसायचं कशाला हेच मला कळेना. प्राचार्यांशी भांडलो नि बाहेर पडलो, ते थेट इराप्पाच्या शेडमध्ये. इराप्पा माझा दोस्त, वेल्डिंगवाला. इंग्रजी मासिकात मी ड्रॅगस्टरचं चित्र बघितलं होतं: लांबट सांगाडा, मागं थोराड चाकं, पुढं सायकलीगत बारीक. वळायचं नाही, सरळ सुटायचं. आम्ही पाण्याचे पाइप जोडले, भंगारातल्या जीपचं इंजिन बसवलं. ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा छातीत जे झालं, ते आजवर फक्त शैलाला बघून व्हायचं.

बार्शीबाहेरच्या सरळ रस्त्यावर शर्यत ठरवली आणि तिला निरोप धाडला, रविवारी येतोय. जिंकलो की लग्नाचं विचारायचं, असं मनात पक्कं.

तुम्हाला सोलापूरहून बार्शीला जायचं तर वैरागवरूनच जा. आम्ही गाडी कडब्याच्या ट्रकवर चढवली. ट्रकवाल्यानं डिझेलपुरतंच घेतलं. वैरागपर्यंत खड्डे, पुढं बरं. वैरागच्या स्टँडसमोरची मिरचीची भजी चुकवू नका, फक्त पाणी आधी मागून ठेवा.

बार्शीबाहेर गाडी उतरवली तशी माणसं जमली.

“बैल कुटं जुंपायचं रं हिला?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“बैल आत बसतोय की, स्टेरिंग धरून,” इराप्पा म्हणाला.

शर्यतीला समोर गावातल्या एका अडत्याच्या पोराची मोटारसायकल. आमची चाकं मात्र जागीच फिरायला लागली. मागं वजन पाहिजे होतं. शैलाच्या वडिलांचीही धान्याची अडत, रस्त्यालगतच. त्यांनीच ज्वारीचं पोतं दिलं. मी ते घाईनं बांधलं.

“चाकाला लागतंय, वर घे की,” इराप्पा म्हणाला.

“गप बस,” मी म्हणालो. शैला बघत होती ना.

सुटायच्या इशाऱ्याचा रुमाल पडला. मान मागं फेकली गेली, डोळ्यांत पाणी, रस्त्याची नुसती रेघ झाली. मोटारसायकल कुठं राहिली कळलंच नाही. थांबून मागं बघितलं, तर माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. पोतं चाकाला घासून फाटलं होतं, रस्ताभर ज्वारीची धार, आणि झाडून सगळे वाकून ती गोळा करत होते. निकाल द्यायला उभा केलेला माणूस, मोटारसायकलवाला, सगळे. शैलासुद्धा.

मी तणतणत गेलो. “कोण जिंकलं?”

तिनं मान वर केली नाही. “गेल्या साली ह्याच ज्वारीला लोक रांगेत उभे होते. पोतं कुणी बांधलं?”

“मी.”

“मग बस खाली. दाभण हाय का कुणाकडं?”

बसलो. मी पोतं धरलं, तिनं शिवलं. विचारायचं राहूनच गेलं. जिंकलो का, तेच माहीत नव्हतं. निघताना ती म्हणाली, “परत आलास तर निस्ता ये.”

म्हणजे ये म्हणाली, का गाडी आणू नको म्हणाली? वैरागला भजी गार झाली तरी उलगडेना.

सोलापुरात गाडी शेडमध्ये लावली. “पुढच्या खेपेला लोखंड बांधू,” इराप्पा म्हणाला. मी सीटवर बसून इंजिन चालू केलं. फटीत अडकलेले ज्वारीचे दाणे थडथड उडायला लागले. इंजिन बंद केलं. दाणे थांबले, छातीतलं थांबेना.

“बार्शीची एसटी मिळंल का रे आता?”

“आत्ताच आलो की तिथनं! आन् गाडीचं काय?”

काय ते मला तरी कुठं ठाऊक होतं. मी बाहेर पडलो आणि शेडचं दार ओढून घेतलं.