बाईंचं लाटणं

माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचे पाय बघणारी बाई उभ्या सातारा जिल्ह्यात एकच होती, आणि तीही थेट पोलंडहून आलेली. लढाईत देश सुटला, नवरा गेला, आणि बाई कुठं कुठं भटकत शेवटी पाचगणीच्या एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. सोबत एक ट्रंक, आणि तिच्या तळाशी गुलाबी साटिनचे नाचाचे बूट. पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभं राहून नाचतात, ते. बाई स्वतः एकेकाळी तशा नाचायच्या म्हणे. आता त्या इतक्या रुंद झाल्या होत्या की आपण मान डोलवावी आणि गप्प बसावं. त्यांना दूध घालायची माझी आई. मराठी शिकल्या त्या तिच्याकडून, त्यामुळे बंगलेवाल्यांशीसुद्धा बाई आमच्या गोठ्यातलंच बोलायच्या. एकदा कुणा मामलेदारांच्या पत्नी पैठणी नेसून चहाला आल्या, तर बाईंनी नमस्काराच्याही आधी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आवं, तुमचं घोटं लय ढिलं हायती." त्या पुन्हा कशाला फिरकतायत! असले घोटे घेऊन जिना उतरणाऱ्या माणसाला सावध करायला नको का, असं बाईंनी उलट आईलाच विचारलं.

बंगल्यांतल्या मुलींना त्या नाच शिकवत आणि मी दुधाची किटली घेऊन दारात खिळून राही. एक दिवस त्यांची नजर माझ्या पावलांवर गेली आणि त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं. तेव्हापासून मला जगात एकच गोष्ट हवी होती, ते गुलाबी बूट. जिचे पाय आधी तयार होतील तिला ते मिळणार होते. पण ती परीक्षा, अरे देवा! ज्या लाटण्यानं बाई त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्या लाटायच्या, तेच त्या दर शनिवारी माझ्या नडगीवरून ताणलेल्या पावलावर टेकवायच्या. खाली फट दिसली की संपलं. मग मी एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं आणि बाईंनी समोर बसून सावकाश चहा प्यायचा. चहा संपायच्या आत घोटा लटपटला की कप खाली आणि मी नापास. कोवळ्या हाडावर घाई केली तर पाय जन्माचा वाकडा होतो, हे त्यांचं पालुपद. मी रुसले, रडले. आईनं गुपचूप साय जास्त घालून वशिला लावून बघितला. बाई साय आवडीनं खायच्या आणि म्हणायच्या, "अजून न्हाई."

लढाई संपली आणि बाईंना विलायतेतल्या बहिणीचं बोलावणं आलं. मोटार दारात उभी असताना मी लाटणं त्यांच्यापुढं धरलं. आज तरी हो म्हणतील, असं वाटलं. दुसरं कुणीही म्हटलं असतं. बाई त्या प्रवासाच्या कपड्यांत भुईवर बसल्या, नीट बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अजून न्हाई, पोरी." मग बूट आणि लाटणं दोन्ही त्यांनी आईच्या हातात दिलं आणि काय काय बघायचं ते तिला समजावून सांगितलं.

आई तर बाईंच्याही वरताण निघाली. म्हशीची धार काढून होईपर्यंत ती मला चवड्यावर उभी करायची. थोडं सोडून दे म्हटलं तर बाईनं इस्वासानं दिलंय म्हणायची आणि लाटणं उचलायची. असे किती शनिवार गेले कोण जाणे. शेवटी एकदा तिनं लाटणं टेकवलं, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि आत जाऊन बूट घेऊन आली.

पाऊल टाचेपाशी अडलं. पाय तयार होता होता मोठाही झाला होता, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी रडायच्या आत आईच पदर तोंडाला लावून रडली. मग तिनं कपात चहा ओतून घेतला, समोर बसली आणि मला तशीच अनवाणी उभी राहा म्हणाली. मी एका चवड्यावर उभी राहिले. ती बाईंसारखीच सावकाश प्यायली. माझा घोटा हलला नाही.

"बाईनं बघाय पायजे हुतं," रिकामा कप खाली ठेवत आई म्हणाली, आणि मला खाली उतर म्हणायचं विसरूनच गेली.