मोकळा ठेवलेला कोपरा

साल २०२३. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. भूत, देवचार असलं काही मी जन्मात मानलं नाही, मानणाऱ्यांना तोंडावर हसलो. सून म्हणाली लिहा, म्हणून लिहितोय.

आरोंद्याला खाडीकाठी माझी माडांची बाग आहे. सगळे नको म्हणत असताना माडावर चढलो, पडलो — पाय प्लास्टरमध्ये. बागेत रानडुकरं घुसतात, त्यांना हाकायला उरला एकटा काळू, माझा कुत्रा. मी पडवीत बसून चडफडायचो. तेव्हा सुनेनं, अंकितानं, टॅबवर लढाईचा खेळ लावून दिला. मुलखाच्या चौकटी असतात. आपण सैनिक मांडायचे, 'पाळी संपली' दाबायचं, की कॉम्प्युटरचे तीन राजे चाल करून येतात. मेला तो मेला.

मी तीन कोपऱ्यांवर सैनिक लावले. चौथा, नकाशातल्या खाडीकडचा, मोकळा.

"बाबांनू, थंय कोण नाय तुमचो!" अंकिता म्हणाली.

"थंय राखणदार असता," मी बोलून गेलो.

सवय, दुसरं काय. आमच्या बागेतही खाडीकडच्याच कोपऱ्यात राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवचाराचा, दगड आहे. तिथे माणूस पहाऱ्याला बसवत नाहीत. वर्षाला एक कोंबडा, एक नारळ द्यायचा. वडील द्यायचे, ते गेल्यावर मी बंद केलं. चाळीस वर्षं काही बिघडलं नाही.

आता ऐका... लाल राजाचे नऊ भालेवाले त्या मोकळ्या कोपऱ्यात घुसले. मी पाळी संपवली. नऊच्या नऊ मेले. मुंडकी एकीकडे, धडं एकीकडे. पुढच्या पाळीला बारा आले, त्यांचंही तेच. जवळपास माझा एक माणूस नव्हता! अंकितानं उलटसुलट करून बघितलं, तिलाही उमगेना.

चार दुपारी हेच. बाकी तीन बाजूंना माझी माणसं कापली जात होती, त्या कोपऱ्यात शत्रूची. अंकिता हसली, "जिंकता तो राखणदार, तुमी खंय?"

माझं डोकं फिरलं. "माझ्या जाग्यात माका कोणाची राखण नको!" सगळ्यात तगडा घोडेस्वार त्या कोपऱ्यात नेऊन उभा केला. बटण दाबलं. शत्रू जवळ नव्हता. तरी स्वाराचा गळा फाटला. घोडा आतडी ओढत दोन चौकटी गेला आणि कोसळला.

तेवढ्यात बागेतून काळू किंचाळला.

अंकिता धावली. काळू त्या दगडापाशी पडला होता. गळा फाटलेला, पोट उघडं, श्वास तेवढा चालू. चिखलात खूर नाहीत, पंजे नाहीत, फक्त त्याचेच पाय. जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातले. म्हणाला, "डुकराचा काम नाय ह्या. सकाळपर्यंत जगलो तर जगलो."

कशानं फाडलं? मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळू अजून धापा टाकत होता. मी कोयता कमरेला लावला, कोंबडा पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली आणि कुबड्यांवर बागेत गेलो. सुनेला हात लावू दिला नाही. दगडासमोर उभा राहिलो. वाकलो नाही — प्लास्टरमुळे, असं समजा. म्हटलं, "जागो तुझो. कुत्रो माझो. तेवढो सोड."

आणि कोंबड्याच्या मानेवर कोयता ओढला.